पॉवर अ‍ॅम्प घेण्याआधी: स्पीकर, खोली आणि भिंतीतला सॉकेट

"अमुक अ‍ॅम्प कसा आहे हो? घेऊन टाकू का?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. मी उलट तीन प्रश्न विचारतो. स्पीकर कोणते? बसता किती फुटांवर? आणि ज्या सॉकेटला अ‍ॅम्प लावणार, तिथे अर्थिंग आहे का? पलीकडे जरा शांतता, मग उत्तर येतं, "स्पीकर अजून ठरायचेत, म्हटलं आधी अ‍ॅम्प घेऊन टाकावा." नवरदेव ठरायच्या आधीच शेरवानी शिवायला टाकायची, तसला प्रकार.

चूक सहसा अ‍ॅम्पची नसते, क्रमाची असते. लाखाच्या घरातला अ‍ॅम्प घेऊन नाराज झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांकडचा अ‍ॅम्प उत्तमच होता, त्या स्पीकरांसाठी किंवा त्या घरासाठी तो नव्हता, एवढंच. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. इथे फक्त घरी गाणं ऐकण्यासाठीच्या दोन चॅनेलच्या, वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पबद्दल बोलतोय, म्हणजे ज्याच्या आधी प्रीअ‍ॅम्प (आवाज कमी-जास्त करणारं आणि सिग्नल निवडणारं यंत्र) किंवा आवाज कमी-जास्त करता येणारा डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारं यंत्र) असतो आणि जो तो सिग्नल स्पीकर हलवण्याइतका मोठा करतो तो.

जवळ हवं ते सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, मोजपट्टी, वही-पेन आणि स्पीकरसोबत आलेली पुस्तिका. मल्टिमीटर नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घ्या. पुढच्या चार पायऱ्या त्याच्याशिवाय अडतील.

## पायरी १: स्पीकरचे दोन आकडे लिहून काढा

पहिला आकडा सेन्सिटिव्हिटीचा. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, ते हा आकडा सांगतो. केईएफच्या एलएस५० मेटाचा तो ८५ आहे, क्लिप्शच्या हेरसी ४ चा ९९. फरक १४ डेसिबलचा, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुसऱ्याच्या पंचवीसपट पॉवर लागते. निवड जवळजवळ इथेच ठरते.

दुसरा आकडा किमान इम्पीडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचा, ओहममध्ये. बहुतेक लोक डब्यावरचं "८ ओहम" वाचतात आणि पुढे जातात. पण तो नाममात्र आकडा असतो. इम्पीडन्स प्रत्येक फ्रीक्वेन्सीला (स्वराच्या उंचीला) बदलतो आणि अ‍ॅम्पची दमछाक होते ती तो जिथे सर्वांत खाली जातो तिथे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ च्या खाली उतरू नये. प्रत्यक्षात एलएस५० मेटावर कंपनी स्वतःच "८ ओहम, किमान ३.५" असं छापते. त्या हिशेबाने तो ४ ओहमचा स्पीकर झाला. कंपनीने किमान आकडा छापला हा तिचा प्रामाणिकपणा. पुष्कळ जण तोही छापत नाहीत.

सावधान: २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये १ वॅट, पण ४ ओहममध्ये २ वॅट. मॅग्नेपॅनच्या एलआरएससारख्या ४ ओहमच्या स्पीकरवर ८६ लिहिलेलं असलं, तरी १ वॅटचा हिशेब धरला तर तो ८३ च होतो. दोन स्पीकरांची तुलना करताना हे आधी सारखं करून घ्या.

तपासणी: वहीत दोन आकडे आले का? किमान इम्पीडन्स सापडत नसेल, तर नाममात्र आकड्याच्या निम्मा धरा आणि पुढे चला.

## पायरी २: खोली आणि अंतर, कागदावर

खुर्चीपासून स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ते बहुधा आठ-नऊ फूट, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास भरतं. एवढ्या अंतरात मोकळ्या हवेत ८ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर मिळून ३ परत मिळतात. भिंती आणि फरशी आणखी थोडं परत देतात, पण ते सध्या खिशात ठेवा, उपयोगी पडेल.

८५ चा स्पीकर धरला तर ८५ वजा ८ अधिक ३, म्हणजे खुर्चीवर ८०. हा १ वॅटचा आवाज. आता तुम्हाला क्षणिक उसळी किती हवी ते ठरवा. शांतपणे ऐकणाऱ्याची सरासरी ७५ च्या आसपास असते आणि तबल्याची थाप, झांज, समेवरचा ठोका २० डेसिबल वर जाऊ शकतो, म्हणजे ९५. जरा मोठ्याने ऐकणाऱ्याला १०० धरा. दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. १०० साठी हिशेब असा येतो:

- ८३ चा स्पीकर: साधारण १६० वॅट
- ८५ चा: १०० वॅट
- ८८ चा: ५० वॅट
- ९९ चा: ४ वॅट

९५ वर भागत असेल तर हे आकडे एक-तृतीयांशावर येतात. शेजाऱ्यांची भिंत आणि आपली भिंत एकच असेल तर ९५ सुद्धा पुष्कळ होतं, हे वेगळं सांगायला नको.

इथली नेहमीची चूक म्हणजे "५० पेक्षा १०० वॅट दुप्पट मोठा वाजेल" असं समजणं. दुप्पट पॉवरने फक्त ३ डेसिबल वाढतात. फरक कळतो, पण "वाढला का रे?" असं विचारण्याइतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यामुळे ८० वॅट आणि १०० वॅट यांच्यात घुटमळू नका. तो फरक एका डेसिबलचा आहे.

## पायरी ३: आज घरात असलेल्या अ‍ॅम्पवर खरी मोजणी

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात, आणि डोळे उघडतात ते हिनेच. कागदावरचा हिशेब अंदाज असतो. हे तुमचं स्वतःचं माप. कुठलाही जुना अ‍ॅम्प चालेल.

सावधान: व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पवर हे करू नका. स्पीकर न जोडता त्याला सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला सहसा असा धोका नसतो.

१. संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. साइन टोन (एकच सलग स्वर) तयार करा: फ्रीक्वेन्सी १२०, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.२५, अर्धा मिनिट. ०.२५ म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली, व्होल्टेजच्या भाषेत बरोबर पाव. फाइल जतन करा.

२. गाण्याच्या अ‍ॅपमधलं आवाज एकसारखा करणारं सेटिंग बंद करा. ते चालू राहिलं तर पुढचे सगळे आकडे खोटे.

३. तुमचं नेहमीचं, मोठ्याने ऐकावंसं वाटणारं रेकॉर्डिंग लावा. घरात कोणी नसताना आवाज इतका वाढवा की "याच्या वर मी कधीच जाणार नाही" असं वाटेल. मग आवाजाच्या बटणाला हात लावू नका.

४. गाणं थांबवा. अ‍ॅम्प बंद करा. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पच्या मागून काढा. अ‍ॅम्प परत चालू करा.

५. त्याच मार्गाने ती टोनची फाइल वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर टोकं लावा. आकडा लिहा.

समजा २.२ व्होल्ट आले. चारने गुणा: ८.८. हा तुमच्या कमाल आवाजाला लागणारा व्होल्टेज. पॉवर काढायला त्याचा वर्ग करून ओहमने भागा: ७७.४ भागिले ८, म्हणजे ९.७ वॅट. स्पीकर ४ ओहमपर्यंत उतरत असेल तर १९ वॅट. बस्स. कानाला सहन होणार नाही इतक्या आवाजात दहा ते वीस वॅट.

हा आकडा पाहून लोक मल्टिमीटर बदलून बघतात. तोच येतो.

आता यात एक मेख आहे. जुनी शास्त्रीय रेकॉर्डिंग हलक्या पातळीवर केलेली असतात, त्यामुळे विलंबित ख्याल ऐकणारा माणूस रॉक ऐकणाऱ्यापेक्षा आवाजाचं बटण जास्त फिरवतो. तिथे आकडा ४.५ व्होल्ट येऊ शकतो. चारपट १८, वर्ग ३२४, ८ ने भागून ४० वॅट. पण ही वरची मर्यादा झाली, कारण ते रेकॉर्डिंग डिजिटल कमाल पातळीला पोचतच नाही. ऑडॅसिटीत ते गाणं उघडून सर्वांत उंच टोक बघा. ते कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली असेल तर व्होल्टेज निम्मा आणि पॉवर पाव होते.

जो आकडा येईल त्याच्या चौपट पॉवरचा अ‍ॅम्प शोधा. म्हणजे ६ डेसिबलची मोकळीक राहिली, आणि उद्या जरा कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर आला तरी निभावेल. चौपटीच्या वर खर्च करायचा तर तो वॅटसाठी नको.

तपासणी: पायरी २ आणि ३ चे आकडे जवळपास आहेत का? पायरी ३ चा खूप कमी आला तर विश्वास त्यावर ठेवा. खूप जास्त आला तर आधी क्रमांक २ मधलं सेटिंग पुन्हा बघा.

## पायरी ४: कंपनीचा पॉवरचा आकडा कसा वाचायचा

नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवरचं "१००० वॅट पीएमपीओ"चं चकचकीत स्टिकर आठवतं ना? महागड्या अ‍ॅम्पवर तसं स्टिकर नसतं, पण फसवायच्या जागा असतातच. आकड्याच्या शेजारी चार गोष्टी शोधा: दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून मोजलं का, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ की फक्त १ किलोहर्ट्झला, डिस्टॉर्शन (सिग्नलमध्ये होणारा बिघाड) किती टक्क्यांवर, आणि किती ओहममध्ये. अमेरिकेत १९७४ पासून यासाठी सरकारी नियम आहे, म्हणून तिकडच्या कंपन्यांची पत्रकं वाचायला सोपी जातात. "१ किलोहर्ट्झ, १० टक्के" असं दिसलं तर तो आकडा विसरून जा.

मग ८ आणि ४ ओहमचे आकडे शेजारी ठेवा. अ‍ॅक्युफेजच्या ए-४८ चे आकडे ४५ आणि ९०, पुढे २ ओहमला १८०. ओहम निम्मे झाले की पॉवर दुप्पट, म्हणजे पॉवर सप्लाय दमदार. बेंचमार्कच्या एएचबी२ चे १०० आणि १९०, एनएडीच्या सी २९८ चे १८५ आणि ३४०. हेही चोख. ८ ला १०० आणि ४ ला १२० असं असेल, किंवा ४ ओहमचा आकडाच दिला नसेल, तर ३.५ ओहमपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरला तो लावू नका.

या नियमाला अपवाद आहे. मॅकिन्टॉशचा एमसी४६२ हा ८, ४ आणि २ ओहम तिन्हींना ४५० च देतो. तिथे आउटपुटला ऑटोफॉर्मर (स्पीकरच्या ओहमशी जुळवून घेणारा ट्रान्सफॉर्मर) असतो आणि प्रत्येक ओहमसाठी वेगळं टर्मिनल. दुप्पट होत नाही म्हणून तो कमकुवत ठरत नाही. फक्त वायर योग्य टर्मिनलला लावायला हवी.

डॅम्पिंग फॅक्टरच्या आकड्यावरून भांडणं होतात, म्हणून एवढंच सांगतो. ८ ओहमच्या स्पीकरचा रोध अ‍ॅम्पच्या स्वतःच्या रोधाच्या किती पट, तो हा आकडा. २०० डॅम्पिंग फॅक्टर म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध ०.०४ ओहम. पाच मीटर अंतरावरच्या स्पीकरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात. म्हणजे वायरच अ‍ॅम्पवर भारी. २०० च्या वरच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नका.

## पायरी ५: क्लास ए, एबी की डी

ही अ‍ॅम्पच्या आतल्या रचनेच्या तीन प्रकारांची नावं. गुणदोषांच्या चर्चा अन्यत्र भरपूर आहेत. मी घराच्या नजरेने सांगतो. पास लॅब्जचा एक्सए२५ हा २५ वॅटचा क्लास ए अ‍ॅम्प गाणं लावा न लावा, जवळजवळ २४० वॅट वीज घेतो. रोज चार तास म्हणजे महिन्याला २९ युनिट. तुमच्या बिलातला दर लावून बघा. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात दारं-खिडक्या लावून ऐकायचं तर एसी लागेल, आणि एसीची घरघर तंबोऱ्यावर चढेल. ज्यांना हे चालतं त्यांनी खुशाल घ्यावा, आवाज देखणा असतो.

क्लास डी आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्युरिफाय किंवा हायपेक्स या कंपन्यांचे चांगले मोड्यूल वापरलेले अ‍ॅम्प थंड, हलके आणि निर्दोष चालतात. जुन्या किंवा स्वस्त क्लास डीमध्ये मात्र स्पीकर बदलला की वरचे स्वर बदलतात, म्हणून तो आपल्याच स्पीकरवर ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही. बाकी सगळ्यांसाठी क्लास एबी. त्यात चूक होण्याची शक्यता सर्वांत कमी.

## पायरी ६: आधीच्या साखळीशी गेन जुळतो का

ही चूक डोळ्यांना दिसते: बटण सात वाजताच्या जागेवरून आठवर नेलं की घर दणाणतं, आणि त्या चिंचोळ्या जागेतच सगळं आयुष्य जातं.

गेन म्हणजे अ‍ॅम्प सिग्नल किती पट मोठा करतो ते. हिशेब सोपा आहे. २६ डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज वीसपट. डॅकच्या आरसीए आउटपुटला साधारण २ व्होल्ट असतात. वीसपट ४०, म्हणजे ८ ओहमला २०० वॅट. एक्सएलआरने (तीन पिनांच्या गोल प्लगने) जोडलं तर ४ व्होल्ट आणि अ‍ॅम्प निम्म्या वाटेतच संपला. पायरी ३ मध्ये तुम्हाला ८.८ व्होल्ट पुरले होते, हे आठवा. जास्तीचा गेन आधीच्या यंत्रांची सरसरही तेवढीच मोठी करतो, आणि ९९ चा स्पीकर असेल तर ती खुर्चीपर्यंत ऐकू येते.

म्हणून गेनचा आकडा विचारा. २९-३० पेक्षा २३-२६ बरा. एएचबी२ सारख्या काही अ‍ॅम्पना मागे गेन बदलायचा तीन टप्प्यांचा स्विच असतो, तो सोन्यासारखा. उलट टोकही आहे: नेल्सन पास यांच्या फर्स्ट वॉटचा एफ४ व्होल्टेज अजिबात वाढवत नाही, सगळं काम प्रीअ‍ॅम्पवर टाकतो. तो नुसत्या डॅकला जोडलात तर "बिघडलाय का?" असं वाटेल.

व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प असेल तर आणखी एक आकडा बघा. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पीडन्स प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट हवा. नाहीतर डग्गा पोकळ वाजतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला मिळतो.

## पायरी ७: वीज

अ‍ॅम्प ठरवण्याच्या *आधी* वायरमनला बोलवा. घेतल्यावर नाही.

१. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये तीन मापं घ्या (सवय नसेल तर वायरमनलाच घेऊ द्या): फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३० च्या आसपास आणि जवळजवळ सारखी हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दहा-पंधरा आलं तर अर्थिंग नावापुरतं आहे.

२. मोठ्या टोरॉइडल (गोल कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू करताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो. बी प्रकारचा एमसीबी आकड्याच्या तीन ते पाचपटीला ट्रिप होतो, सी प्रकारचा पाच ते दहापटीला. माझ्याच घरी पहिल्या दिवशी पाहुणे जेवायला बसलेले असताना अ‍ॅम्प चालू केला आणि सगळं घर अंधारात गेलं. अ‍ॅम्प बरोबर होता, एमसीबी बी प्रकारचा होता. वायरीची जाडी बघून वायरमनने तो सी प्रकारचा केला, प्रश्न मिटला.

३. मोठ्या अ‍ॅम्पला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट द्या, गीझरला देतात तसा. एक्स्टेन्शन बोर्डात टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प एकत्र कोंबू नका.

४. लोडशेडिंगसाठी ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर अ‍ॅम्प नको, चौकोनी वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर तर मुळीच नको. व्होल्टेज रोज हेलकावे खात असेल तर स्टॅबिलायझर घ्या, पण अ‍ॅम्पच्या कमाल वापराच्या दुप्पट क्षमतेचा.

सावधान: गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कोणीतरी देतंच. काढू नका. धातूच्या पेटीत फेज उतरला तर तुमच्या आणि शॉकच्या मध्ये तेवढी एकच पिन असते.

## पायरी ८: ठेवायची जागा

वजन बघा. पॅरासाउंडचा ए २१ प्लस ३२ किलोचा आहे. टीव्ही युनिटची फळी तेवढं वर्षानुवर्षं झेलेल का? काचेच्या दारामागचा बंद कप्पा बाद. वर किमान सहा इंच मोकळं, बाजूंनी चार.

कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा इनपुटचे प्लग काढून-घालून घ्यावेत, खारी हवा टोकांवर थर धरते. आणि पाली. उबदार, अंधारी, भोकं असलेली पेटी म्हणजे पालीचं माहेर. एका मित्राच्या अ‍ॅम्पचा एक चॅनेल अचानक गेला. झाकण उघडलं तर आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांवर आडवी पडलेली वाळकी पाल, शेपूट एका पायाला, डोकं दुसऱ्याला. दुरुस्तीपेक्षा भोकांवर आतून बसवलेली बारीक धातूची जाळी स्वस्त पडते, पण ती वॉरंटी संपल्यावर आणि जाणकाराकडूनच.

## पायरी ९: ऐकून निवड, पण पातळी सारखी करून

दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून ऐकताना जो अर्धा डेसिबल मोठा वाजतो तोच "जास्त मोकळा" वाटतो. दुकानात नेमकं हेच होतं: एकाला आरसीए, दुसऱ्याला एक्सएलआर, दुसरा दुप्पट व्होल्टेज घेतो आणि जिंकतो.

त्यामुळे पायरी ३ मधली तीच टोनची फाइल वाजवा, या वेळी स्पीकर जोडलेले ठेवून आणि आवाज अगदी हळू. पहिल्या अ‍ॅम्पवर टर्मिनलला १ व्होल्ट आणा. दुसऱ्यावर १ ते १.०२ च्या आत आणा, म्हणजे फरक ०.२ डेसिबलच्या आत राहील. टोन १२० हर्ट्झचाच ठेवा, साधे मल्टिमीटर वरच्या फ्रीक्वेन्सीला गडबडतात. स्पीकर तुमचेच हवेत. दुकानदार घरी पाठवायला तयार नसेल तर तुमचे स्पीकर रिक्षात घालून तिकडे न्या, लाज नको.

ऐकायला माझी तीनच रेकॉर्डिंग असतात. एक तंबोऱ्याची जोडी, हळू आवाजात: झंकार एकसंध आहे की तुटक? दुसरं तबला सोलो: डग्ग्याची घुमक सुरू होते तशीच संपते का, की मागे लोळत राहते? तिसरं मोठा वाद्यवृंद, कमाल आवाजात: गर्दी झाली की वाद्यं एकमेकांत कालवतात का? शेवटी काही न लावता कान ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला) लावा. सरसर खुर्चीपर्यंत पोचत नसेल तर झालं.

कोणता कोणता ते माहीत नसताना फरक कळला नाही, तर स्वस्त तो घ्या. उरलेले पैसे खोलीत जाड गालिचा, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटावर लावा, ते ऐकू येतील.

## पायरी १०: जुना किंवा परदेशातून आणलेला असेल तर

न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्यासोबत अ‍ॅम्प मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिकडचा १२० व्होल्टचा. इथे थेट लावला तर फ्यूज जाईल, नशीब खोटं असेल तर फ्यूजवर भागणार नाही. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट *आणि* ५० हर्ट्झ दोन्ही लिहिलेलं बघा. फक्त ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर तापतो. जपानच्या देशी बाजारातला अ‍ॅम्प १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडचा २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आणि रात्री लाइन २४५ झाली, तर त्याच्या तोंडी ११७ पडतात.

जुना अ‍ॅम्प बघायला जाताना मल्टिमीटर न्या. स्पीकर न जोडता, इनपुट रिकामं ठेवून, टर्मिनलवर डीसी मोजा (व्हॉल्व्हचा असेल तर ही चाचणी गाळा). ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर संशय. अर्धा तास तापल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) सारखेच गरम आहेत का, हात लावून बघा. मूळ खोका नसेल तर कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन मांडीवर घेऊन या. जड ट्रान्सफॉर्मर प्रवासात बोल्टसकट सुटलेले मी पाहिले आहेत.

नवा घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि एकच प्रश्न विचारा: बिघडला तर तो शहराबाहेर जाणार की देशाबाहेर? ३२ किलोचा डाग समुद्रापार पाठवायचा खर्च त्या उत्तरात असतो.

## पायरी ११: पहिल्या दिवशीची जोडणी

१. सगळं बंद. आधी स्पीकरच्या वायरी, मग इनपुट, सगळ्यात शेवटी मेन्स.

२. वायरीचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला शिवायला नको. बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या पिना) लावलेत तर ही भीती जाते. लाल लालला, काळा काळ्याला, दोन्ही बाजूंना.

३. चालू करताना अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना अ‍ॅम्प आधी. उलट केलं तर डॅकचा "ठप्प" स्पीकरवर आदळतो.

४. पहिलं गाणं लावण्याआधी प्रीअ‍ॅम्पचा आवाज शून्यावर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. डॅकच्या आवाजाचं सेटिंग "फिक्स्ड"वर राहिलेलं असेल तर पूर्ण ताकद थेट स्पीकरवर जाते.

सावधान: ब्रिज्ड (एका स्पीकरला दोन्ही बाजूंनी चालवणाऱ्या) आउटपुटच्या आणि बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं. दोन चॅनेलचे काळे एकत्र जोडू नका. सबवूफर स्पीकरच्या टर्मिनलवरून घेणार असाल तर आधी पुस्तिका वाचा.

गुणगुण आली तर अ‍ॅम्प बंद करून इनपुटच्या वायरी काढा, मग पुन्हा चालू करा. थांबली तर दोष साखळीत, बहुधा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून आलेला. नाही थांबली तर अ‍ॅम्पमध्ये. स्पीकरमधून नाही, पेटीतूनच घुं येत असेल तर ट्रान्सफॉर्मर बोलतोय. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर लावून बघा आणि त्या वेळी घरातलं काय काय चालू होतं ते लिहून ठेवा. केस वाळवायचं यंत्र अर्ध्या पॉवरवर चालवलं की माझ्याकडचा अ‍ॅम्प अजूनही गुरगुरतो.

दोन तास वाजल्यावर हीटसिंकवर तळहात ठेवा. चार-पाच सेकंद ठेवता आला तर ठीक, लगेच उचलावा लागला तर वरची फळी काढा. पंधरा दिवसांनी, अ‍ॅम्प बंद करून, टर्मिनल पुन्हा हाताने आवळा, पक्कड नको. तांब्याची वायर दाबाखाली बसते आणि पहिल्या दिवशी घट्ट लावलेली पकड तोवर हमखास सैल झालेली असते.